शिक्का मारणाऱ्या डॉक्टरांसाठी

पशुवैद्यक पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना पुढचा बेत विचारला, की उत्तरं ठरलेली येतात. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी व्हायचं, शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकायचा, एखादी पोल्ट्री किंवा औषध कंपनी धरायची, नाहीतर एम.व्ही.एस्सी. करून प्राध्यापकी. अन्नसुरक्षा तपासणीचं नाव काढणारा वर्गात एखादाच, आणि तोही जरा खाली बघूनच बोलतो. घरच्यांनी त्याला आधीच सुनावलेलं असतं: साडेपाच वर्षं शिकलास, ते कत्तलखान्यात उभं राहायला?

हा लेख त्या एखाद्यासाठी आहे. आधी तपासनीस आणि पुढे प्रशिक्षक म्हणून माझी नोकरी याच कामात गेली, त्यामुळे थोडा पक्षपात होणार हे धरून चाला. या क्षेत्रात पशुवैद्यकाची खरी किंमत दोन गोष्टींवरून ठरते. समोरच्या अन्नातला दोष मागे मागे नेत जनावरापर्यंत, गोठ्यापर्यंत पोचवता आला पाहिजे. आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे सुरी धरणाऱ्याला आणि दुधाचा कॅन उचलणाऱ्याला पटवता आलं पाहिजे. यातली पहिली गोष्ट महाविद्यालयात बऱ्यापैकी शिकवतात. दुसरी कोणी शिकवत नाही, ती हिंडून शिकावी लागते.

दुधाचंच घ्या. दूध म्हटलं की वर्तमानपत्रांना युरिया आणि डिटर्जंटच आठवतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एफएसएसएआयने, २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा करून तपासले. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने निघाले १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर असलेले ३६८ आणि प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर असलेले ७७. टँकरमध्ये काहीबाही मिसळणाऱ्या लबाडापेक्षा बुरशी लागलेली पेंड आणि दगडीवर दिलेलं इंजेक्शन यांनी कितीतरी जास्त दूध बिघडवलं होतं. भेसळखोर पकडला की बातमी होते, पेंडीची होत नाही, एवढाच फरक.

हे अफ्लाटॉक्सिन दूध उकळून जात नाही. गाईने बुरशीची पेंड खाल्ली की तिच्या यकृतात त्याचं रूप बदलतं आणि ते दुधात उतरतं. आपल्याकडे मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेतला रसायनज्ञ हा आकडा अचूक काढून देईल. पण सरकी पेंडीचं पोतं पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलं होतं की खाली फळ्या टाकून, मक्याचा भरडा ओला घेतला होता का, हे विचारायचं त्याला सुचणार नाही. तुम्हाला सुचतं, आणि पेंड बदलली की काही दिवसांत दूध पुन्हा नीट होतं हेही तुम्ही छातीठोक सांगू शकता.

प्रतिजैविकांचंही तसंच. दही करणाऱ्या छोट्या डेअरीत एखाद्या दिवशी विरजणच लागत नाही. मालक विरजणाला शिव्या देतो, कामगाराला देतो, थंडीला देतो. पशुवैद्यकाचा पहिला प्रश्न वेगळा असतो: काल कोणत्या गोठ्याचं दूध आलं, आणि तिथे कोणाच्या कासेत ट्यूब सोडली होती? विरजणातले जिवाणू त्या औषधाने मरतात. औषधाच्या लेबलवर विथड्रॉवल पिरियड छापलेला असतो. स्वतंत्रपणे सिद्ध केलेला कालावधी नसेल, तर औषध नियमांप्रमाणे दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. गावातल्या किती डॉक्टरांनी हे शेतकऱ्याला सांगितलेलं असतं, ते तुम्ही आणि मी दोघंही जाणतो. या क्षेत्रात याल तेव्हा पुष्कळदा आपल्याच व्यवसायबंधूंनी न सांगितलेलं सांगत फिरायचं आहे.

आता कत्तलखाना. याच्याकडे पाठ फिरवून या क्षेत्रात येऊ नका. नंतर कोणत्याही खुर्चीत बसलात तरी पाया इथलाच लागतो. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे एका पशुवैद्यकाने तासाला जास्तीत जास्त १२ आणि दिवसाला ९६ जनावरं तपासायची. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटं. नोकरी घेताना पगाराच्या आधी हे विचारा, की इथे रोज किती जनावरं येतात आणि डॉक्टर किती आहेत. दोन आकडे जुळत नसतील, तर तुमची सही केवळ कागद भरायला हवी आहे, हे तेव्हाच ओळखा.

कापण्यापूर्वीची तपासणी आळसाने होते, कारण तिच्यात दिसण्यासारखं काही नसतं असा समज आहे. खरं तर काही आजार जिवंतपणीच दिसतात. रेबीज झालेल्या म्हशीच्या धडात डोळ्यांना काही सापडणार नाही; ते तिच्या चालण्यात, लाळेत, आवाजात असतं. काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय असेल तर जनावर उघडायचंच नाही, हवा लागली की त्याचे बीजाणू तयार होतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून जनावराला आधी उभं बघा, मग चालतं बघा, दोन्ही बाजूंनी. संशय आला तर थर्मामीटर लावा.

कापल्यानंतर सुरीच्या आधी बोटं वापरायची. फुफ्फुस दाबून बघा, यकृताच्या कडा चाचपा, मगच गाठी कापा. जबड्याच्या स्नायूला हाडाला समांतर छेद दिला की पट्टकृमीच्या अळीच्या गाठी दिसतात. यकृताला हलका छेद देऊन दाबलं की पित्तनलिकेतून पर्णकृमी बाहेर येतात; नव्या मुलामुलींच्या चेहऱ्यावरचे भाव त्या क्षणी बघण्यासारखे असतात.

फुफ्फुसावर कधी पाण्याने भरलेली, पांढरट, टणक पिशवी सापडते. ही हायडॅटिडची गाठ. नियमाप्रमाणे तुम्ही तो अवयव बाद करता, वहीत लिहिता, पुढच्या धडाकडे वळता. तेवढ्यात मदतनीस पोरगा ते फुफ्फुस उचलतो आणि मागच्या भिंतीपलीकडे भिरकावतो. पलीकडे कुत्री वाट बघत असतात, त्यांना वेळ पाठ असते. कुत्र्याच्या आतड्यात त्या गाठीतून बारीक पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीवर, अंगणातल्या मातीत पडतात. ती शेळी-म्हशीच्या पोटात गेली की पुन्हा गाठ. माणसाच्या पोटात गेली की त्याच्या यकृतात किंवा फुफ्फुसात गाठ, आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया. वहीत तुमची तपासणी चोख झालेली असते आणि आजार मात्र भिंतीपलीकडे सुखरूप पोचलेला असतो. त्या पोराला ओरडून काही होत नाही. मी गाठ त्याच्यासमोर कापून आतला पडदा दाखवत असे, मग भिंतीपाशी नेऊन विचारत असे, "यातली तुझ्या गल्लीतली कुत्री कोणती?" तो बोट दाखवायचा. त्यापुढे फारसं बोलावं लागत नसे. मात्र बाद माल टाकायला झाकणाची, कुलूप लागणारी पेटी तिथेच पाहिजे. पेटी नसताना केलेला उपदेश फुकट जातो, म्हणून प्रशिक्षणाआधी मालकाकडून पेटी आणवा.

निर्यात करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत हेच काम यंत्राच्या शिस्तीत चालतं. म्हशीचं मांस बाहेर देशी पाठवताना हाडं आणि लसिका गाठी काढाव्या लागतात. त्याआधी धड किमान २४ तास थंड खोलीत, पण २ अंशांच्या वर टांगलेलं असतं आणि पाठीच्या लांब स्नायूत पीएच मोजून तो ६ च्या खाली उतरलाय ना, हे बघतात. लाळ्या-खुरकुताचा विषाणू त्या आम्लतेत टिकत नाही. पीएच उतरला नसेल तर ते धड बाजूला. नव्या पशुवैद्यकाने निदान काही महिने अशा ठिकाणी काढावेत असं माझं मत आहे. रात्रपाळी असते, थंडी असते, घरचे कुरकुरतात. पण नोंद कशी ठेवायची हे तिथे जितकं पक्कं होतं तितकं सरकारी कचेरीत होत नाही.

नोकरीच्या वाटा कोणत्या? सगळ्यात परिचित म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनातलं अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं पद. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. २०११ च्या नियमांत या पदासाठी ज्या पदव्या चालतात त्यात पशुवैद्यक आहे, आणि भरती लोकसेवा आयोगाकडून होते. इथे एक भ्रम काढून टाका: हे पद मिळालं की फक्त दूध-मांस बघायचं असं नाही. मिठाई, खाद्यतेल, बाटलीबंद पाणी, हॉटेलचं स्वयंपाकघर आणि महाराष्ट्रात तर गुटख्याच्या गोदामांवरच्या धाडी, सगळं येतं. नमुना घ्यायचा म्हणजे त्याची किंमत मोजायची, चार भाग करायचे, सील करायचे, एक भाग अन्न विश्लेषकाकडे, बाकीचे कायद्यात सांगितल्याप्रमाणे. रासायनिक तपासणीच्या दुधात फॉर्मलिन घालायचं आणि सूक्ष्मजीव तपासणीच्या दुधात चुकूनही घालायचं नाही, ते निर्जंतुक बाटलीत बर्फावर न्यायचं. असल्या बारीक गोष्टींवर खटले पडतात. चांगला नमुना घेणारा अधिकारी न्यायालयात कमी घाम गाळतो.

महानगरपालिकांतही पशुवैद्यकीय अधिकारी असतात. मुंबईत १९७१ पासून चालणारं देवनार पशुवधगृह हे त्यातलं सगळ्यात मोठं शिक्षणाचं ठिकाण. बकरी ईदच्या आधीचे दिवस तिथे काढलेल्या डॉक्टरला पुढे कुठल्याच गर्दीची भीती वाटत नाही. केंद्र सरकारकडे निर्यात तपासणी परिषद आहे, आयात होणाऱ्या पशुजन्य पदार्थांसाठी पशु-संगरोध सेवा आहे, खुद्द एफएसएसएआयमध्ये तांत्रिक पदं आहेत. जाहिराती अनियमित येतात, त्यामुळे केवळ त्यांच्यावर भरवसा ठेवून घरी बसू नका. खासगीत दूध संघ, पोल्ट्री आणि मांसप्रक्रिया कंपन्यांचे गुणवत्ता विभाग आहेत. २०१८ च्या लेखापरीक्षण नियमांनंतर बाहेरच्या संस्थांमार्फत अन्नसुरक्षा ऑडिट करून घेणं दूध, मांस, अंडी, मासे अशा जोखमीच्या व्यवसायांना लागू झालं, त्यामुळे ऑडिटर हीही एक वेगळी वाट तयार झाली.

परदेशाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमधल्या कत्तलखान्यांत जे ऑफिशियल व्हेटरिनेरियन असतात त्यांतले बहुतेक बाहेरच्या देशांत शिकलेले आहेत, कारण तिथल्या मुलांनाही हे काम नकोच असतं. पण तिथल्या रॉयल कॉलेजची नोंदणी आणि इंग्रजीची परीक्षा हे दोन उंबरे ओलांडावे लागतात. अमेरिकेत संघ सरकारच्या अशा नोकऱ्यांना सहसा नागरिकत्व लागतं. कुठल्याही एजंटला पैसे देण्याआधी त्या देशाच्या पशुवैद्यक परिषदेच्या अटी स्वतः वाचा.

अभ्यासाचं म्हणाल तर पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य किंवा पशुजन्य पदार्थ तंत्रज्ञान यातली एम.व्ही.एस्सी. उपयोगी आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हे विषय आहेत, बरेलीजवळ इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत आहेत. हैदराबादजवळ चेंगिचेर्ल्याला राष्ट्रीय मांस संशोधन संस्था आहे, तिथल्या छोट्या प्रशिक्षणांकडे लक्ष ठेवा. आयएसओ २२००० चा लीड ऑडिटर कोर्स पाच दिवसांचा असतो आणि प्रमाणपत्र देखणं असतं, पण पदवी हातात पडल्या पडल्या तो करू नका. कारखान्याच्या फरशीवर कधी न उभा राहिलेला ऑडिटर पर्यवेक्षकाला पहिल्या प्रश्नातच कळतो. त्याऐवजी घराजवळच्या एखाद्या दूध संकलन केंद्रावर पहाटे जा, कॅन उतरल्यापासून टँकर निघेपर्यंतचा प्रवास कागदावर काढा आणि कुठे काय बिघडू शकतं ते प्रत्येक टप्प्यापुढे लिहा. हॅसेपची सात तत्त्वं पाठ करण्यापेक्षा हा एक कागद मुलाखतीत जास्त कामाला येतो.

प्रशिक्षणाकडे मी मुद्दाम शेवटी येतोय, कारण त्याबद्दल सांगण्यासारखं जास्त आहे. एफएसएसएआयने २०१७ मध्ये फॉस्टॅक नावाचा कार्यक्रम सुरू केला. साधारण २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा ही त्यातली कल्पना. दूध, मांस, उपाहारगृह, रस्त्यावरचे खाद्यविक्रेते असे त्याचे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत आणि ते घ्यायला प्रशिक्षक लागतात. पशुवैद्यकांनी इथे यावं. पण येताना ऐंशी स्लाइडचं सादरीकरण घरी ठेवून यावं.

खाटीक बांधवांचं प्रशिक्षण बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी ठेवलंत तर खुर्च्याच शिकवाव्या लागतील, धंद्याचे दिवस ते. सोमवारी किंवा गुरुवारी दुपारी ठेवा. भाषा त्यांची वापरा. दख्खनी हिंदी येत नसेल तर चार वाक्यं शिकून घ्या. वयाने मोठ्या कारागिराला "चाचा, कलेजी खराब आहे हे तुम्ही कशावरून ओळखता?" असं आधी विचारा. त्याने तुमच्यापेक्षा हजारो यकृतं जास्त बघितली आहेत, आणि तो जे सांगतो त्यातलं बरंचसं बरोबर असतं. त्याच्या उत्तराला तुमचं कारण जोडा, मग जिथे तो चुकतो तिथलं तो ऐकून घेतो.

हात धुण्याचा धडा मी हळदीवर घेतो. तेलात कालवलेली हळद दोन्ही हातांना चोळायला लावायची, मग डोळे मिटून 'नेहमीसारखे' हात धुवायला सांगायचं. पाण्याने धुतलेल्या हातांवर पिवळेपणा तसाच राहतो, साबणाने घाईत धुतलेल्यांच्या नखांत आणि बोटांच्या बेचक्यात. लोक एकमेकांचे हात बघून हसतात आणि नंतर पुन्हा धुवायला स्वतःहून उठतात. चिकनच्या दुकानात दुसरा धडा लाकडी ठोकळ्याचा. सुरीच्या टोकाने त्याच्या चिरांतला मळ काढून पांढऱ्या कागदावर ठेवला की मालक स्वतःच तोंड फिरवतो. दूध संकलन केंद्रावर बायका जास्त येतात. तिथे काकूंना लॅक्टोमीटर दाखवण्यापेक्षा कॅनच्या झाकणाखालची रबरी रिंग काढून दाखवा.

कायद्यातही शिकवण्याला जागा आहे. कलम ३२ ची सुधारणा नोटीस हे दंडाआधीचं पाऊल आहे आणि तिच्यात सुधारायला किमान १४ दिवस द्यावे लागतात. ती नोटीस काढतात पदनिर्देशित अधिकारी, पण आधार असतो तुमच्या तपासणी अहवालाचा. तिथे 'स्वच्छता असमाधानकारक' असं लिहिलंत तर दुकानदार चुना मारून मोकळा होईल. 'मांस टांगण्याच्या आकड्यांना गंज आहे, ते बदलून स्टेनलेसचे बसवावेत. फ्रीजमधील तापमान दुपारी ९ अंश होते, ते ४ च्या खाली असावे' असं लिहिलंत तर काम होईल. सरकारी मराठी कळायला अवघड असलीच पाहिजे असा कुठलाही शासन निर्णय नाही.

दबाव येतो. "साहेब, आपलाच माणूस आहे" असा फोन सणाच्या आदल्या दिवशी हमखास येतो. त्यावर उपाय एकच मला सापडला: जे दुकानात तोंडाने बोललो तेच अहवालात, त्याच दिवशी, वेळ आणि तापमानासह. उशिरा लिहिलेल्या अहवालात फेरफाराला वाव राहतो आणि तो समोरच्याला दिसतो. आणि मालकाने आग्रहाने बांधून दिलेलं मटण घरी नेऊ नका. अर्धा किलो नेणाऱ्या डॉक्टरची सही किती किलोची, याचा हिशेब बाजार बिनचूक ठेवतो.

पशुवैद्यक महाविद्यालयांत आता मुलींची संख्या भरपूर आहे, आणि तपासणीचं काम त्या उत्तम करतात. अडचण कामाची नसते. पहाटेच्या पाळीला जायची सोय, कपडे बदलायला खोली आणि धड स्वच्छतागृह या गोष्टी अनेक कत्तलखान्यांत नसतात. नोकरी घेण्याआधी ती जागा डोळ्यांनी बघून या आणि सोयींचं लेखी मागून घ्या.

शेवटी तुमच्या स्वतःच्या अंगाची काळजी. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस आणि धनुर्वाताची लस रुजू होण्याआधीच घ्या. सुरी धरणाऱ्या हाताला साधा हातमोजा आणि दुसऱ्या हाताला स्टीलच्या जाळीचा. गाभण किंवा गर्भपात झालेल्या जनावराचं गर्भाशय उघड्या हाताने हाताळू नका, कच्चं दूध चवीलासुद्धा घेऊ नका. कधी संध्याकाळी येऊन सकाळी उतरणारा ताप, रात्री घाम आणि सांधेदुखी असं आठवडाभर चाललं, तर डॉक्टरकडे गेल्यावर आधी आपलं काम सांगा. नाहीतर ते मलेरिया आणि टायफॉइडच शोधत बसतील. ब्रुसेलाची तपासणी करून घ्या असं तुम्हालाच सुचवावं लागेल.